परतीचा चढ

"चढावर वारा तोंड फिरवतो," एइनो लाहती म्हणाला.
एवढंच. शटरखालून बर्फाची भुकटी आत येत होती.
चाळीस वर्षं लोखंडाच्या खाणीत सुरुंग ऐकलेत त्याने,
आता त्याचे कान फक्त मोठ्या आवाजांना ओ देतात.

चौऱ्याण्णवची पिकअप. दारांच्या कडा गंजून जाळी झालेल्या.
बॉनेट उघडलं, तर इंजिन
उभ्या जागी लंगडत होतं.

कुणी विचारत नाही, तरी सांगते:
इंजिन नुसतं जाळत नाही, ओढतंही.
त्या ओढीवर डॅशबोर्डाआडच्या झडपा जगतात,
ऊब पायाकडे जायची, छातीकडे की काचेकडे
ते त्यांच्या हातात.
चढावर तुम्ही पाय दाबता, ओढ ओसरते. ओसरणारच.
तेवढ्या वेळापुरता एका छोट्या झडपेने
श्वास रोखून धरायचा असतो.
तिला चीर गेली की संपलं.
सगळे हात सुटतात, आणि असेल नसेल ती ऊब
काचेवर जाऊन बसते.

कुण्या इंजिनीअरने टेबलावर वाकून
हे ठरवलं असणार:
सगळं सुटलं तरी माणसाला समोरचं दिसलं पाहिजे,
पाय गारठले तर गारठोत.
मला तो माणूस बरा वाटतो.
एइनोला नाही.
"पाय माझे नाहीत," तो म्हणाला.

मी व्हॅक्युमचा गेज लावला. काटा सतरावर, तोही थरथरता.
इंजिनाच्या जोडांवर फवारा मारला,
सूर बदलला नाही. म्हणजे चोर इथला नव्हे.
रबरी नळीचा तुकडा कानाला लावून
मी घरभर ऐकावं तसं गाडीभर ऐकत फिरले,
आणि तो, स्टुलावर, हातमोजे न काढता,
तुकड्या-तुकड्यांनी सांगत राहिला.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. डुलुथ. डायलिसिस.
शेजारची आमालिया झुपान्चिच.
नऊ वर्षं त्यांच्यात बोलणं नाही,
कुंपण तीन फूट कुणाचं, यावरून.
मग मागच्या हिवाळ्यात बस बंद पडली,
आणि एका पहाटे ती पर्स घेऊन
त्याच्या पिकअपशेजारी उभी होती.
त्याने दार उघडलं.

"गाडीत बोलता?"
"नाही."
जरा वेळाने: "ती पाय पुढे करते."

येताना तळ्याकाठून वर चढायचं.
मशीनमधून फिरून आलेलं रक्त
अजून अंगात रुळलेलं नसतं,
आणि नेमका तिथेच, त्या चढावर,
वारा तोंड फिरवतो.

तो समजला होता
आमालियाला वाटत असेल, हा मुद्दाम करतो.

नळ्या एकेक पकडीत दाबत गेले.
पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही.
तिसरी दाबली, आणि इंजिन शहाण्या मुलासारखं सरळ बसलं.
तिचा माग काढत बॅटरीखाली पोचले:
अ‍ॅसिडने पांढरा पडलेला कोपरा, त्यात
सुपारीएवढी काळी झडप,
तिच्यावर केसाएवढी चीर.
बोट ठेवलं, स्स्स थांबलं.
"ऐकलंस?" मी म्हणाले, सवयीने.
त्याने मान हलवली. ऐकलं नव्हतं.
मग मी त्याचा हातमोजा काढला
आणि त्याचंच बोट तिथे धरलं.
त्याच्या जाड कातडीला ती बारीक ओढ कळली असावी,
कारण बोट त्याने लगेच काढलं नाही.

नवी झडप, वीतभर नळी. बिल मोजकंच.
त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा
बाकावर ठेवला; गॅरेजला आठवडाभर वास येणार.

खाणीच्या ढिगाऱ्याला वळसा घालणारा चढ आहे,
तिथवर आम्ही जाऊन आलो.
मी तिच्या जागेवर बसले, बूट काढून, पाय पुढे.
त्याने पाय दाबला. गाडी धापा टाकत चढली.
ऊब जागची हलली नाही.
"फिरला नाही!" मी ओरडले, त्याच्या चांगल्या कानाकडे.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाला,
"मंगळवारी कळेल."